खाडा पडला, पुढे काय?

१९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात पाच तरुणांना एक विचित्र काम देण्यात आलं. तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायचं, बस्स. पाचही जण विशीतले, धडधाकट. दोघं नियमित व्यायाम करणारे, तिघं आरामशीर. त्या काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवायची पद्धत होती. अशा सक्तीच्या विश्रांतीने शरीराचं नेमकं काय होतं, हे बेंग्ट साल्टिन, जेरे मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोजून पाहायचं होतं.

तीन आठवड्यांनी जे आकडे हाती आले, ते पाहून वैद्यकशास्त्राला रुग्णांच्या विश्रांतीबद्दल फेरविचार करावा लागला. दमछाक होईपर्यंत श्रम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याला ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. माणसाचा दम मोजण्याचं हे सर्वांत विश्वासाचं माप. या पाच जणांत ते सरासरी २७ टक्क्यांनी घसरलं होतं. पुढे आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करून घेतला, तेव्हा ते भरून आलं आणि पूर्वीपेक्षाही वर गेलं.

खरी गंमत तीस वर्षांनी झाली. १९९६ मध्ये संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीला आले होते, पोटं सुटली होती, सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेलं होतं. दम विशीतल्यापेक्षा कमी झालेला होताच. पण १९६६ च्या त्या तीन आठवड्यांनंतर तो जितका खाली गेला होता, तितका खाली पाचांपैकी एकाचाही गेलेला नव्हता. तीस वर्षांच्या वयाने जे केलं नाही, ते तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं. मग या पन्नाशीच्या गृहस्थांना सहा महिने हळूहळू वाढत जाणारा व्यायाम दिला. चालणं, धावणं, सायकल. सहा महिन्यांच्या शेवटी त्यांचा दम विशीतल्या मूळ पातळीला येऊन पोहोचला.

व्यायामात खाडा पडला की लोक या प्रयोगाची पहिलीच बाजू मनावर घेतात : गेलं सगळं! दुसरी बाजू, म्हणजे परत येण्याची, त्यांच्या कानावरच गेलेली नसते. तंदुरुस्तीबद्दल जे काही बोललं जातं, त्यातलं बहुतेक खाडा पडू नये म्हणून असतं. दृढनिश्चय, शिस्त, सकाळी पाचचा गजर. महाराष्ट्रात राहणाऱ्या, नातेवाईक असणाऱ्या आणि अधूनमधून आजारी पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा सल्ला दर दोन महिन्यांनी फसणार, हे उघड आहे.

कॅलेंडर उघडून पाहावं. पावसाळ्यात रस्त्यावर चालणं मुश्कील. तो ओसरतोय तोवर गणपती. मग नवरात्र, दसरा, दिवाळी. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. डिसेंबरात कोणीतरी गोव्याचं बुकिंग करून ठेवलेलंच असतं आणि थर्टीफर्स्ट काही चुकत नाही. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आणि तिळगुळ. त्यानंतर मुलांच्या परीक्षा, मग उन्हाळा, आणि गावाकडच्या जत्रा. व्यायामाला बारा महिन्यांत सलग मोकळा असा महिना सापडत नाही. सणासुदीचा खाडा हा अपवाद मानला, तर वर्षातला निम्मा काळ अपवादातच जातो.

मग या काळात नुकसान किती होतं? वजनापुरतं एक चांगलं उत्तर अमेरिकेतून आलेलं आहे. सन २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५ प्रौढांचं वजन थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या सुमारे सहा आठवड्यांच्या सणाच्या मोसमाआधी आणि नंतर मोजलं गेलं. सणात दोन-तीन किलो वाढलंच असणार, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात वाढ निघाली सरासरी ०.३७ किलो. अर्ध्या किलोपेक्षाही कमी! इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पण पुढच्या महिन्यांत हे वजन उतरलं नाही. वर्षभरात जी एकूण वाढ झाली, तिचा मोठा वाटा या सहा आठवड्यांचाच होता. म्हणजे लाडवांनी फार बिघडवलं नव्हतं. लाडू संपल्यावरही गाडी रुळावर आली नाही, यात खरी गोम होती.

दमाचं आणि ताकदीचं गणित वेगवेगळं चालतं. एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये वर्षानुवर्षं सराव केलेल्या सात खेळाडूंना व्यायाम पूर्ण बंद करायला लावलं. तीन आठवड्यांत त्यांचा व्हीओटू मॅक्स सात टक्क्यांनी उतरला. आठ आठवड्यांनी घसरण सोळा टक्क्यांवर येऊन थांबली. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातला द्रवभाग कमी झाल्याने होते. व्यायामाने रक्ताचं आकारमान वाढलेलं असतं, तो बंद होताच काही दिवसांत ते आखडतं आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. म्हणूनच दहा-बारा दिवसांनी पुन्हा टेकडी चढताना धाप लागते. ही धाप खरी असते, पण स्नायू वाया गेल्याची ती खूण नव्हे, आणि जे इतक्या लवकर गेलं ते परतही लवकर येतं.

ताकद तर त्याहून चिवट. फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात एका गटाने सलग वीस आठवडे वजनं उचलली. दुसऱ्या गटाने दहा आठवडे उचलली, मग तब्बल दहा आठवडे काहीच केलं नाही, आणि मग पुन्हा दहा आठवडे केली. शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी पोहोचले होते. सुटी घेतलेल्यांनी गमावलेलं बळ परतीच्या पहिल्या काही आठवड्यांतच भरून काढलं होतं. स्नायूंना जुनी मेहनत ‘लक्षात’ राहते, असं पहिलवान फार पूर्वीपासून म्हणत आले आहेत. ऑस्लोच्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की वाढलेल्या स्नायूपेशीत आलेली जादा केंद्रकं स्नायू रोडावल्यावरही टिकून राहतात. माणसात हेच घडतं की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. दुसऱ्यांदा वाढताना स्नायू पहिल्यापेक्षा लवकर वाढतो, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

तेव्हा दिवाळीच्या आठ दिवसांनी शरीराचं म्हणावं असं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते डोक्यात.

१९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं, हवं तितकं खायला. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं, सरळ हिशेब. ज्या डाएटवर होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेक न घेतलेल्या डाएटवाल्या मुलींपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, तर आता कसला विचार करायचा! गणपतीत पहिला मोदक खाल्ल्यावर ‘आता जे काही ते विसर्जनानंतर’ असं म्हणणारा माणूस याच वाटेने जात असतो. नुकसान एका मोदकाने होत नाही, त्यानंतरच्या दहा दिवसांच्या माफीपत्राने होतं.

मोबाइलमधली फिटनेस अ‍ॅप्स या स्वभावाला खतपाणी घालतात. सलग किती दिवस झाले, त्याचा आकडा ती रोज दाखवतात. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. आकडा वाढतो तोवर हुरूप येतो. मग एके दिवशी सासरेबुवांना रात्री दवाखान्यात न्यावं लागतं, दुसऱ्या सकाळी चालायला जाणं होत नाही, आणि पडद्यावर शून्य दिसतं. पंचावन्न दिवस पायांनी केलेली मेहनत पायांतच असते, पण शून्य पाहून माणूस अ‍ॅपच उघडेनासा होतो.

सवय लागायला एकवीस दिवस पुरतात, ही समजूतही अशीच घात करते. तिचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. नाकाच्या शस्त्रक्रियेचा आकडा पुढे सूर्यनमस्कारांना येऊन चिकटला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर बारा आठवडे केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक त्यात ६६ निघाला. कोणाला १८, तर कोणाला हिशेबाने २५४. जेवणाबरोबर पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची बरीच उशिरा. आणि त्याच अभ्यासातली सर्वांत उपयोगी गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते : मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय जडण्यात लक्षात येईल असा फरक पडत नव्हता.

मग चुकण्याची सोय आधीच का करू नये? मारिसा शरीफ आणि सुझन शू या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. लोकांना रोज काही कंटाळवाणी कामं करायला दिली. एका गटाला आठवड्याचे सातही दिवस पूर्ण करायचं ध्येय, दुसऱ्याला पाच दिवसांचं. तिसऱ्याला सातचंच, पण अगदीच अडलं तर वापरायला दोन दिवसांची सूट. सात दिवसवाल्यांतले २१ टक्के ध्येयापर्यंत पोहोचले, पाच दिवसवाल्यांतले २६ टक्के, आणि सूट मिळालेल्यांतले ५३ टक्के. पाच दिवस आणि सातातून दोन सूट, गणिताने दोन्ही एकच. पण माणसं सूट जपून ठेवतात, नोकरदार माणूस सीएल जपतो तशी. ऑक्टोबरात वापरून टाकली तर डिसेंबरात काय करणार, हा विचार आपसूक येतो. व्यायामाच्या वेळापत्रकात महिन्याच्या चार-पाच सीएल आधीच धरून ठेवल्या, तर चुलतभावाच्या हळदीला जाण्याने काहीच मोडत नाही. एक रजा खर्ची पडते, इतकंच.

या सगळ्याच्या मोठ्या परीक्षेचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या जिम साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर एकाच वेळी ५४ निरनिराळे चार आठवड्यांचे कार्यक्रम राबवून पाहिले. बक्षिसं, आठवणीचे मेसेज, स्पर्धा, कौतुक, सगळं काही. निम्म्याहून जरा कमी कार्यक्रमांनी जिममधल्या फेऱ्या वाढवल्या. पहिल्या नंबरवर आलेला कार्यक्रम पाहून तज्ज्ञही चकित झाले. त्यात एक दिवस चुकवल्यानंतर पुढच्या ठरलेल्या दिवशी परत आलेल्याला थोडं जादा बक्षीस होतं. किती? नऊ सेंट. त्या वेळच्या भावाने सहा-सात रुपये, कटिंग चहाचे पैसे. एवढ्याशा रकमेसाठी कोणी ट्रेडमिलवर चढत नाही. पण ‘चुकलात तरी चालेल, परत आलात हे महत्त्वाचं’ हा निरोप त्या नऊ सेंटांतून पोहोचत असावा. याला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चार आठवड्यांनी बक्षिसं थांबल्यावर यातले फारच थोडे कार्यक्रम परिणाम टिकवू शकले. बाहेरून मिळालेला धक्का माणसाला दारापर्यंत आणतो, रोज आणत नाही.

दारापर्यंत आणणारी आणखी एक गोष्ट मराठी माणसाच्या चांगली परिचयाची आहे, ती म्हणजे मुहूर्त. मिल्कमन यांनीच हेंगचेन दाय आणि जेसन रीस यांच्यासोबत २०१४ मध्ये दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला आणि वाढदिवसानंतर जिममधली गर्दी वाढते. काळावर एखादी रेघ आखली गेली की मागच्या चुका रेघेपलीकडच्या वाटतात. अमेरिकी माणसाला त्यासाठी १ जानेवारीची वाट पाहावी लागते. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत, आणि त्यातला दसरा आणि दिवाळी पाडवा ऐन खाण्यापिण्याच्या हंगामात येतात. दसऱ्याला सोनं घेणारी मंडळी त्याच संध्याकाळी नवे बूट घालून चार किलोमीटर चालून आली, तर कोणत्याही पंचांगाची हरकत नसावी. मुहूर्ताचा एक दोष मात्र ध्यानात ठेवायला हवा : तो टाळाटाळीच्या कामीही तितकाच येतो. बुधवारी चुकलेला व्यायाम ‘सोमवारपासून’ सुरू करू म्हणणारे मधले चार दिवस स्वतःला बहाल करतात.

सणाच्या दिवसांत पूर्ण व्यायाम जमणार नाही, हे गृहीत धरलं तर किमान किती पुरतो? रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात आठवड्याला सहा दिवस, रोज चाळीस मिनिटं असा दहा आठवडे व्यायाम करवून घेतला आणि मग तो कापला. काहींचे दिवस दोनवर आणले, काहींची वेळ तेरा मिनिटांवर. पुढचे पंधरा आठवडे त्यांचा व्हीओटू मॅक्स टिकून राहिला. अट एकच, जेवढं करायचं ते पूर्वीच्याच जोराने. जोर कमी केलेल्या गटाचा दम उतरला. ताकदीच्या बाबतीत तर तरुणांना मूळ व्यायामाचा नववा हिस्साही कमावलेलं राखायला पुरला, असं २०११ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. साठीपुढच्यांना स्नायूंचा आकार राखायला त्याहून जास्त लागलं. वय वाढेल तसा खाडा महाग पडतो, एवढा धडा त्यातून घ्यावा.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१९ मध्ये बैठ्या तरुणांना साठ पायऱ्यांचा जिना दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचं अंतर ठेवून, झपाझप चढायला सांगितलं. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. दम मोजता येईल इतका वाढला. पुण्यातल्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, आणि मुंबईत भाऊबीजेला ज्या बहिणीकडे जायचं तिचं घर अनेकदा चौथ्या मजल्यावर असतंच. लिफ्टकडे पाठ फिरवायची, एवढंच. गुडघे आणि हृदय धड असलेल्यांनी, अर्थात.

सुटी म्हणजे व्यायामाला सुटी, हे गणितही सगळ्यांना लागू नाही. गणपतीआधी महिना-दोन महिने रोज संध्याकाळी ढोल बांधून सराव करणारी पोरं-पोरी, किंवा नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या, वर्षातला सर्वांत कसून व्यायाम सणातच करतात. त्यांचा खाडा सण संपल्यावर सुरू होतो.

आणि मग घरातल्या बाईचं काय? नवऱ्याची सुटी ही तिची जादा पाळी असते. दिवाळीच्या आठवड्यात चकलीचा सोऱ्या दाबून मनगट भरून आलेलं, अनारशांपाशी उभं राहून पायाला रग लागलेली, रात्री अकराला ओटा पुसताना कंबर धरलेली. ‘एवढं काम झालं, आणखी व्यायाम कसला?’ हा तिचा प्रश्न रास्त वाटतो. हे कष्ट आहेत यात शंका नाही. पण एका जागी उभं राहून थकणं वेगळं आणि हृदयाची गती वाढून घाम येणं वेगळं. पहिल्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’च्या २०२४ च्या पाहणीनुसार भारतात २०२२ साली जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती, आणि बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के होतं. दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या देशात हा आकडा निघतो. त्यावर बायकांना प्रेरणेची भाषणं देणं हा चावटपणा आहे. सकाळची चाळीस मिनिटं तिच्या वाट्याला यावीत म्हणून चहा-नाश्ता दुसऱ्या कोणी करणं हा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात एक जुनी अट काढून टाकली. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजत नसत, आता प्रत्येक मिनिट धरतात. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, एवढं त्यांचं मागणं. ही मिनिटं तुकड्या-तुकड्यांत जमवली तरी चालतात.

सण सांगून येतात. बाकीची संकटं तशी येत नाहीत. हात मोडतो, डेंग्यू होतो, नोकरी जाते, घरातलं माणूस जातं.

हात किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना व्यायामाचा विषय संपला, असं मानलं जातं. तो संपत नाही. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांच्या प्रयोगशाळेत एका हाताच्या मुठीची ताकद सरावाने वाढवली, तेव्हा सराव न केलेल्या दुसऱ्या हाताचीही वाढलेली दिसली. त्यानंतर सव्वाशे वर्षांत हे पुन्हा पुन्हा पडताळलं गेलं आहे. एका बाजूच्या सरावाने दुसऱ्या बाजूची ताकद सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास वाढते, कारण ताकद नुसती स्नायूंत नसते, त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जासंस्थेतही असते. कॅनडातल्या जोनाथन फार्दिंग यांच्या गटाने तर निरोगी माणसांच्या एका हाताला तीन आठवडे प्लास्टर घातलं. ज्यांनी मोकळ्या हाताचा व्यायाम चालू ठेवला, त्यांच्या प्लास्टरमधल्या हाताची ताकद टिकली. ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांची उतरली. डाव्या मनगटाला प्लास्टर असेल तर उजव्या हाताने डंबेल उचलण्याला त्यामुळे अर्थ आहे. फक्त डॉक्टरांना विचारून.

मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट अशा वेळी हटकून सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली, कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या गोष्टीतून लोक जिद्द उचलतात. पण गुडघेदुखीने टेकडी सुटलेल्या पंचेचाळिशीच्या कारकुनाला विश्वविक्रमाचा काय उपयोग? त्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. पेटकर पोहण्याकडे वळले ते उपचाराचा भाग म्हणून, आणि बॉक्सिंग परत मिळवण्याच्या हट्टात ते अडकून राहिले नाहीत. शरीराला जे करता येत होतं, तो त्यांचा खेळ झाला. टेकडी सुटली तर सायकल, सायकलही नको तर पोहण्याचा तलाव. या अदलाबदलीला कमीपणा मानणारे घरी बसतात.

तापात मात्र जिद्द नकोच. साधी सर्दी असेल तर सावकाश चालायला हरकत नसते. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असताना जोराचा व्यायाम केला, तर विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. डेंग्यू किंवा चिकुनगुन्यानंतरचा थकवा आणि सांधेदुखी आठवडेच्या आठवडे रेंगाळते. तिथे घाई करणारा पुन्हा अंथरूण धरतो.

दुःखाचं गणित आणखी निराळं. घरात मृत्यू झाला की तेरा दिवस कोणी बाहेर पडण्याचा विचारही करत नाही. त्यानंतर पडावं, तर शेजारची नजर आड येते. विशेषतः बाईच्या बाबतीत ‘आत्ताच तर तेरावं झालं, आणि निघाली फिरायला’ हे बोलणारं कोणीतरी निघतंच. वास्तविक या काळात चालण्याइतकं साधं औषध दुसरं नाही. २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २१८ प्रयोगांचा आणि १४,१७० माणसांचा एकत्रित आढावा छापला. चालणं किंवा धावणं, योगासनं आणि ताकदीचा व्यायाम यांनी नैराश्याची लक्षणं बऱ्यापैकी कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष. दुःख म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे, आणि आजार असेल तर डॉक्टरांची जागा चालणं घेऊ शकत नाही. पण खचलेल्या माणसाला आधी उत्साह वाटेल आणि मग तो उठेल, हा क्रमच चुकीचा आहे. मानसोपचारात उलट क्रम वापरतात. आधी छोटी कृती, मग मन जमेल तसं मागून येतं. अशा माणसाला ‘काळजी घे’ म्हणण्यापेक्षा सकाळी साडेसहाला दारात उभं राहून ‘काकू, चप्पल घाला, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येऊ’ म्हणणारी शेजारीण लागते.

निव्वळ प्रेरणा किती तोकडी पडते, याचा एक चोख पुरावा आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २४८ विद्यार्थ्यांना पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं व्यायाम करायला सांगितलं. नुसतं सांगितलेल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची माहिती देणारं प्रेरक पत्रक वाचायला दिलं. त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्या गटाने तेच पत्रक वाचून वर एक वाक्य लिहिलं : अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन. त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. अभ्यास एका आठवड्यापुरताच होता आणि मंडळी तरुण होती, हे मान्य. तरीही पत्रकांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभात सुविचारांवर खर्च होणारी शक्ती पाहता हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

परतीच्या पहिल्या दिवसाबद्दल एक गंभीर इशारा देणं भाग आहे. दोन महिन्यांनी तालमीत किंवा जिममध्ये परतलेला माणूस जुना आकडा गाठायला जातो आणि एका दमात दोनशे बैठका मारतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, हे नेहमीचं आहे. पण क्वचित स्नायूपेशी इतक्या फुटतात की त्यांतलं द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांवर ताण येतो. स्नायू प्रमाणाबाहेर सुजले आणि दुखले, लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर गरम पाण्याने शेकत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. स्नायूंची गंमत अशी की एका हलक्या दिवसानंतरच ते पुढच्या मेहनतीला सरावतात. म्हणून पहिला दिवस निम्म्याहून कमी, दुसरा थोडा वर, असं आठ-दहा दिवस चाललं तर अंगही दुखत नाही आणि दुसऱ्याच दिवशी दांडीही पडत नाही.

येत्या दिवाळीचं आरक्षण झालं असेल, फराळाची यादी निघाली असेल, तर त्याच कागदाच्या खाली आणखी एक ओळ लिहून टाकावी. भाऊबीजेनंतरचा कोणता दिवस, किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. सोबतच्या माणसाला आत्ताच फोन करून ठेवावा. आणि मग पहिली करंजी खुशाल खावी.